मूत्राशयाच्या गाठीच्या चाचण्या आणि कोकणातली कलेक्शन सेंटरं: काय पाठवावं, काय पाठवू नये

चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत प्रत्येक बाजारपेठेत आता एखादं तरी कलेक्शन सेंटर असतं. रक्त, लघवी, बायोप्सीचा तुकडा तिथे घेतला जातो आणि मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा त्याही पलीकडच्या मोठ्या लॅबकडे रवाना होतो. साखर, थायरॉइड, लिपिड यांसाठी ही सोय चांगली आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. हा आढावा एका अवघड कामापुरताच आहे. ज्याच्या मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत, गाठ सापडली आहे किंवा गाठ काढून झाली आहे, असा रुग्ण या काउंटरवर आला तर त्याला मिळणारी सेवा पैशाच्या आणि भरवशाच्या तोलाची आहे का? लॅबची नावं घेतलेली नाहीत. दोष बहुतेक ठिकाणी तेच आहेत आणि ते मोठ्या लॅबच्या यंत्रात नसून नमुन्याच्या प्रवासात आहेत.

निकाल आधी सांगतो, कारण कित्येक जण एवढंच वाचून काउंटरवर जाणार. लघवीची सायटोलॉजी, म्हणजे लघवीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, जरूर करा, पण नमुना नीट दिला तरच. बायोप्सीच्या ब्लॉकवरची (मेणात बसवलेल्या तुकड्यावरची) केआय-६७ ही वाढत्या पेशी दाखवणारी तपासणी यूरोलॉजिस्टने किंवा पॅथॉलॉजिस्टने मागितली असेल तर निर्धास्त पाठवा, तिला प्रवास सोसतो. लघवीतलं एक प्रथिन पकडणारी एनएमपी-२२ ची पट्टी फार थोड्या जणांच्या उपयोगाची आहे. आणि पेशी किती वेगाने वाढताहेत हे रक्तातल्या थायमिडीन कायनेज या एन्झाइमच्या क्रियाशीलतेवरून सांगणारी चाचणी मूत्राशयाच्या गाठीसाठी इथून पाठवू नका. ती चाचणी खोटी नाही. पण एन्झाइमची क्रियाशीलता ही वाटेत मरणारी गोष्ट आहे, आणि आपली वाट लांब नि गरम आहे.

शेवटच्या मुद्द्याला जरा वेळ देतो, कारण ‘ट्यूमर मार्कर’ या नावाखाली सगळंच एका माळेत ओवलं जातं.

पेशी दुभंगण्याआधी तिला आपल्या डीएनएची पूर्ण नक्कल करावी लागते. त्यासाठी कच्चा माल लागतो, आणि तो तयार करणारी काही एन्झाइम फक्त त्याच काळात भरात असतात. थायमिडीन कायनेज-१ हे त्यातलं सर्वांत परिचित. ते थायमिडीनला एटीपीकडचं एक फॉस्फेट जोडतं आणि डीएनएच्या साखळीत जाण्याच्या मार्गाला लावतं. विसावलेल्या पेशीत ते जवळपास नसतंच. नक्कल सुरू व्हायच्या सुमारास वाढतं, नक्कल चालू असताना शिगेला पोचतं आणि विभाजन आटोपताना पेशी ते स्वतःच मोडून टाकते. म्हणून ते वाढीचं चांगलं माप ठरतं. मायटोकाँड्रियातलं थायमिडीन कायनेज-२ मात्र या चक्राला बांधलेलं नाही. गाठीचा तुकडा वाटून मोजताना दोघांत भेद केला नाही तर त्याची भर आकड्यात मिसळते.

दुसरं एन्झाइम ऑर्निथिन डिकार्बोक्सिलेज. ऑर्निथिनपासून पुट्रेसिन बनवणं हे त्याचं काम, आणि पॉलिअमाइन नावाचे छोटे रेणू तयार होण्यातली ही वेग ठरवणारी पायरी. वाढणाऱ्या पेशीला पॉलिअमाइन लागतात, त्यामुळे गाठीत हे एन्झाइम चढलेलं दिसतं. ते मोजायची जुनी पद्धत अशी: तुकडा थंड बफरमध्ये वाटायचा, त्यात सहघटक म्हणून पायरिडॉक्सल फॉस्फेट घालायचं, किरणोत्सारी कार्बन-१४ असलेलं ऑर्निथिन द्यायचं, आणि सुटणारा कार्बन डायऑक्साइड अल्कलीत पकडून मोजायचा. जिवंत पेशीत या एन्झाइमचा अर्धायुकाल मिनिटांत मोजावा लागतो, इतकं ते अस्थिर आहे. संशोधनाच्या प्रयोगशाळेत तुकडा काढल्याबरोबर उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये टाकतात तो एवढ्यासाठीच.

आता यातली अडचण बघा. क्रियाशीलतेचा कमी आकडा दोन कारणांनी येतो. एक तर गाठ खरोखर संथ आहे, किंवा एन्झाइम वाटेत निकामी झालं. कागदावरच्या आकड्यावरून यातलं कोणतं घडलं ते कळत नाही. जास्त आकड्याने माणूस घाबरतो आणि पुढची तपासणी करतो. कमी आकड्याने तो निश्चिंत होतो. मूत्राशयाच्या गाठीत ही निश्चिंती जास्त धोक्याची, कारण ही गाठ काढल्यावरही पुन्हापुन्हा उगवण्यासाठी ओळखली जाते.

तुकड्यावर मोजायचं म्हटलं तर आणखी तीन गोष्टी आडव्या येतात. मूत्राशयातली गाठ बहुधा दुर्बिणीतून विजेच्या तारेने खरवडून काढतात, त्या उष्णतेने तुकड्याच्या कडांमधली प्रथिनं शिजतात. एन्झाइम मोजायचं तर विजेविना, चिमट्याने घेतलेला तुकडाच हवा. दुसरं, तुकडा वाटला की गाठीच्या पेशी, आधाराची ऊती, सुजेसाठी जमलेल्या पांढऱ्या पेशी आणि रक्त हे सगळं एकजीव होतं. आकडा दर मिलिग्रॅम प्रथिनामागे देतात. रक्त जास्त मिसळलं की ज्या प्रथिनाने भागायचं तेच वाढतं आणि आकडा उगाच उतरतो. सूज जास्त असली की वाढणाऱ्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आपलं एन्झाइम त्यात घालतात आणि आकडा उगाच चढतो. तिसरं, वाटलेल्या तुकड्यात नेमकी कोणती पेशी वाढत होती ते नंतर कुणालाच पाहता येत नाही. स्लाइडवर मात्र ते डोळ्यांना दिसतं. केआय-६७ एन्झाइमच्या पुढे गेलं त्याचं मोठं कारण हेच.

रक्तातली थायमिडीन कायनेज चाचणी निराळी. तिच्यात सीरम लागतं, तुकडा नाही. पूर्वी ती आयोडीन-१२५ जोडलेल्या रेणूवर करत, नंतरच्या पद्धतींत किरणोत्सारी पदार्थ लागत नाही. ल्युकेमिया आणि लिम्फोमात तिचा खरा उपयोग झालेला आहे. अमेरिकेत २०२२ साली अशा एका चाचणीला परवानगी मिळाली, तीही रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमधल्या, हार्मोनग्राही असलेल्या आणि पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगावर लक्ष ठेवण्यासाठी. मूत्राशयाच्या अस्तरापुरती मर्यादित छोटी गाठ रक्तात फारसं काही सोडत नाही. शिवाय बी-१२ ची कमतरता असली की हे एन्झाइम रक्तात वाढतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही कमतरता मासे खाणाऱ्या घरांतही सापडते. काही विषाणूंच्या संसर्गातही आकडा चढतो. म्हणजे चढला तरी गोंधळ, उतरला तरी गोंधळ.

नमुन्याचा प्रवास बघितला तर प्रश्नच मिटतो. रक्त गोठायला अर्धा तास, मग सेंट्रिफ्यूज, मग सीरम वेगळं करून गोठवणं, आणि पोचेपर्यंत एकदाही न वितळणं, इतकी साखळी हवी. सेंटरच्या थर्माकोलच्या डब्यात ठेवतात ते जेल पॅक २ ते ८ अंशांसाठी असतात. रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीला पुरणारा बर्फ शून्याच्या आसपास असतो. उणे २० अंशांसाठी सुका बर्फ लागतो, आणि तो तालुक्याच्या सेंटरवर सहसा नसतो. काउंटरवर एकच प्रश्न विचारा: ‘सीरम गोठवून, सुक्या बर्फात जाणार का?’ उत्तर हो नसेल तर पैसे वाचवा.

लघवीतल्या एलडीएच या एन्झाइमकडेही असंच सावधपणे बघा. लाल पेशींमध्ये ते एन्झाइम भरपूर असतं. लघवीतून रक्त जाणाऱ्या माणसाच्या लघवीत एलडीएच वाढलेलं दिसलं तर त्यातून रक्त जातंय एवढंच कळतं, आणि ते तर लघवीच्या रंगावरूनच कळलेलं असतं. टेलोमरेज या एन्झाइमचीही लघवीतली गोष्ट तशीच. कर्करोगाच्या पेशीत ते असतं हे खरं, पण लघवीत युरिया, जंतू, प्रथिनं तोडणारी एन्झाइम आणि बदलता पीएच यांच्या माऱ्यात त्याची क्रियाशीलता टिकत नाही. याच एन्झाइमच्या जनुकाच्या प्रवर्तक भागातला बदल, टर्ट प्रमोटर म्युटेशन, मूत्राशयाच्या बहुसंख्य कर्करोगांत आढळतो. त्यासाठी पेशीचा डीएनए पुरतो आणि तो एन्झाइमपेक्षा कितीतरी टणक असतो. पुढच्या काळात लघवीवरची तपासणी याच वाटेने जाईल असं आमचं मत आहे, पण आज ती रोजच्या कामात सिस्टोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीने मूत्राशय आतून बघण्याची, जागा घेत नाही.

आता सायटोलॉजी. सगळ्यांत स्वस्त चाचणी, आणि सगळ्यांत निष्काळजीपणे घेतली जाणारी.

बहुतेक सेंटरं इतर तपासण्यांच्या सवयीने ‘सकाळची पहिली लघवी’ आणायला सांगतात. सायटोलॉजीला ती चालत नाही. रात्रभर लघवीत पडून राहिलेल्या पेशी फुगतात, त्यांचं केंद्रक विरतं, आणि स्लाइडवर ती पेशी चांगली की वाईट हे ठरवता येत नाही. सकाळी उठून पहिली लघवी सोडून द्यायची. दोन ग्लास पाणी प्यायचं, थोडं चालायचं. नंतरची पूर्ण लघवी रुंद तोंडाच्या स्वच्छ बाटलीत घ्यायची. इथे मधली धार वेगळी काढायची नसते, सगळी लघवी हवी. बायकांनी बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुऊन, नीट पुसून मग नमुना द्यावा, नाहीतर योनिमार्गातल्या पेशींनी स्लाइड भरते. किमान ३० मिली तरी हवी, ५० ते १०० मिली असली तर उत्तम. सेंटरवर कल्चरसाठीची छोटी बाटली पुढे केली तर ती नाकारा. तीन दिवस लागोपाठ तीन नमुने दिले तर सापडण्याची शक्यता वाढते. तिन्ही एकाच बाटलीत ओतायचे नाहीत.

नमुना दिल्यानंतर काय होतं ते जास्त महत्त्वाचं. गोळा करणारा मुलगा दुपारी येतो, डबा संध्याकाळच्या गाडीने निघतो, दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या लॅबमध्ये उघडला जातो. मे महिन्यात कुडाळ-वेंगुर्ल्याच्या उकाड्यात तेवढ्या वेळात पेशींची वाट लागते आणि जंतू मात्र वाढतात. यावर उपाय साधा आहे. लघवी दिल्यावर तिच्यात तेवढंच ५० टक्के इथेनॉल घालायचं, म्हणजे ५० मिलीला ५० मिली. किंवा लॅबने दिलेल्या लिक्विड बेस्ड सायटोलॉजीच्या द्रावणात ती घ्यायची. नुसतं फ्रीजमध्ये ठेवलं तर एखादा दिवस निभावतं. फॉर्मालिन घालू नये, त्यात पेशी पॅप रंगाला नीट साथ देत नाहीत. हे द्रावण ज्या सेंटरवर तयार असतं ते सेंटर कामाचं. नसेल तर आदल्या दिवशी सांगून मागवून घेता येतं.

फॉर्मवरची माहिती हा सगळ्यात दुबळा दुवा. नाव, वय, ‘युरिन सायटो’ एवढंच लिहून नमुना जातो. पॅथॉलॉजिस्टला हे कळायला हवं: लघवी आपोआप केलेली आहे की कॅथेटरमधून किंवा मूत्राशय धुऊन घेतलेली, नुकतीच सिस्टोस्कोपी झाली का, मुतखडा आहे का, बीसीजी किंवा मायटोमायसिन ही गाठीवरची औषधं मूत्राशयात सोडली आहेत का, शेवटची कधी, आधी गाठ होती का आणि कोणत्या ग्रेडची, म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसणारी. नळी घालून घेतलेल्या नमुन्यात पेशींचे पुंजके निघतात, खड्याने खरवडल्यावरही निघतात, आणि ते कमी ग्रेडच्या गाठीसारखे दिसतात. बीसीजीने सूज येते, मायटोमायसिनने पेशी विचित्र मोठ्या होतात. हे न सांगता पाठवलेल्या लघवीचा रिपोर्ट ‘अटिपिकल’ येतो आणि घर महिनाभर काळजीत राहतं.

रिपोर्ट पॅरिस पद्धतीच्या वर्गवारीत मागा. २०१६ साली ही पद्धत पुस्तकरूपाने आली, २०२२ साली तिची दुसरी आवृत्ती निघाली. तिचा सगळा रोख हाय ग्रेड कर्करोग पकडण्यावर आहे: नमुना अपुरा, हाय ग्रेडसाठी निगेटिव्ह, अटिपिकल, संशयास्पद, हाय ग्रेड. यात ‘निगेटिव्ह’चा अर्थ गाठ नाही असा होत नाही. कमी ग्रेडच्या गाठीच्या पेशी जवळपास साध्या पेशींसारख्या दिसतात आणि सायटोलॉजीतून सहज निसटतात. हाय ग्रेड आणि कार्सिनोमा इन सिटू, म्हणजे अस्तरावर सपाट पसरलेला धोकादायक प्रकार, यात मात्र ही चाचणी भक्कम आहे, आणि नेमका तोच प्रकार साध्या पांढऱ्या प्रकाशाच्या दुर्बिणीत कधीकधी हुकतो. म्हणून या दोन तपासण्या जोडीने चालतात.

एनएमपी-२२ ची पट्टी आकर्षक वाटते. ताज्या लघवीचे चार थेंब टाकायचे, ३० ते ५० मिनिटांत रेघ वाचायची, लॅबची गरज नाही. ती केंद्रकातलं एक प्रथिन पकडते, त्यात एन्झाइमच्या क्रियाशीलतेचा प्रश्न येत नाही. दवाखान्यातल्या दवाखान्यात झाली तर प्रवासाचाही प्रश्न नाही. पण खडा, संसर्ग, रक्त, नुकतंच दिलेलं बीसीजी यातल्या कशानेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. आपल्याकडे लघवीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत खडा आणि संसर्ग किती जणांना असतो ते यूरोलॉजिस्टला विचारा. सिस्टोस्कोपी टाळता यावी म्हणून कुणी ही पट्टी विकत असेल तर घेऊ नका. फिश ही चाचणी ३, ७, १७ या गुणसूत्रांची संख्या आणि ९पी२१ हा भाग रंगवून बघते. सायटोलॉजी अटिपिकल येऊन अडली तर तिचा उपयोग होतो, पण महाग आहे आणि ती यूरोलॉजिस्टनेच सांगावी.

आता बायोप्सी, म्हणजे दुर्बिणीतून काढलेल्या गाठीचे तुकडे. प्रवास सोसणारा नमुना हाच, आणि तो बिघडतो तो पहिल्या अर्ध्या तासात, नर्सिंग होममध्येच.

फॉर्मालिन न्यूट्रल बफर्ड, १० टक्के हवं. एक लिटरची कृती: बाजारात मिळणारं ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्मल्डिहाइड १०० मिली, पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट साडेसहा ग्रॅम. फॉस्फेट न घालता नुसतं पाणी घातलेलं फॉर्मालिन जुनं झालं की आम्ल होतं, तुकड्यात काळपट रंगद्रव्य साचतं आणि प्रतिपिंड (ठरावीक प्रथिनालाच चिकटणारा रेणू) लावून केलेले रंग फिके पडतात. बाटलीतलं मूळ फॉर्मालिन पाणी न घालता तसंच ओतलं तर तुकड्याची बाहेरची साल कडक होते आणि आतला भाग कच्चा राहतो. फॉर्मालिन संपलं म्हणून सलाइनमध्ये पाठवलेला तुकडा चिपळुणातून मुंबईला पोचेपर्यंत कुजायला लागतो. द्रव तुकड्याच्या किमान दहापट हवा. तुकडे बाटलीत कोंबू नयेत. बाटलीचं तोंड रुंद असावं, कारण ताजा मऊ तुकडा अरुंद तोंडातून आत जातो पण फॉर्मालिनमध्ये घट्ट झाल्यावर सरळ बाहेर निघत नाही.

वेळेचंही बंधन आहे. फॉर्मालिन ऊतीत साधारण ताशी एक मिलिमीटर शिरतं. सहा तासांपेक्षा कमी वेळ मुरलेला तुकडा कच्चा, आणि ७२ तासांपेक्षा जास्त मुरला तर केआय-६७ सारख्या तपासण्यांचा रंग उतरू शकतो. शनिवारी ऑपरेशन, रविवारी सेंटर बंद, सोमवारी कुरिअर, मंगळवारी पार्सल पोचलं, बुधवारी ब्लॉक झाला, असं कोकणात सर्रास घडतं. पावसाळ्यात आंबा किंवा अणुस्कुरा घाटात दरड आली की आणखी एक दिवस. ऑपरेशनची तारीख रुग्णाच्या हातात असेल तर सोमवार ते बुधवार मागावी. आणि गाठीचा तुकडा व तळाचा तुकडा अशा दोन वेगळ्या, नावं घातलेल्या बाटल्या हव्यात. तळाच्या तुकड्यात मूत्राशयाचा स्नायू आला नाही तर गाठ स्नायूत शिरली की नाही हे सांगताच येत नाही, आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ येऊ शकते. सगळं एकाच बाटलीत टाकणं ही सोयीची सवय आहे आणि तिची किंमत रुग्ण भरतो.

एकदा पॅराफिनचा ब्लॉक झाला की नमुना स्थिर झाला. त्यावरून ३ ते ४ मायक्रॉनचे काप काढतात, चार्ज असलेल्या स्लाइडवर घेतात, सायट्रेट पीएच ६ किंवा ट्रिस-ईडीटीए पीएच ९ मध्ये तापवून प्रतिजन उघडं करतात आणि मग केआय-६७ चं प्रतिपिंड लावतात. जर्मनीतल्या कील इथे १९८३ साली हे प्रतिपिंड सापडलं. मूळचं प्रतिपिंड ताज्या गोठवलेल्या ऊतीवरच चाले, पॅराफिनवर चालणारं एमआयबी-१ नंतर आलं आणि त्यानेच ही तपासणी गावोगावच्या ब्लॉकसाठी शक्य झाली. विसावलेल्या पेशीत केआय-६७ नसतं, चक्रात शिरलेल्या पेशीत असतं. म्हणजे थायमिडीन कायनेज जे सांगू पाहतं तेच बऱ्याच अंशी हे सांगतं, पण प्रथिन जागेवर फॉर्मालिनने पकडलेलं असल्यामुळे त्याला काम करून दाखवावं लागत नाही. ते तिथे आहे एवढं पुरतं.

रिपोर्टमध्ये ‘केआय-६७ पॉझिटिव्ह’ एवढंच लिहिलं असेल तर तो रिपोर्ट परत पाठवा. टक्केवारी हवी. कोणतं क्लोन (प्रतिपिंडाचा वाण) वापरलं ते हवं, किती पेशी मोजल्या ते हवं (निदान ५०० तरी), सर्वांत दाट भागात मोजलं की सरासरी काढली ते हवं. करपलेल्या कडा आणि सुजेच्या लिम्फोसाइट मोजणीतून वगळलेल्या असाव्यात. टॉन्सिलचा कंट्रोल, म्हणजे रंग बरोबर बसतो का हे पडताळायचा तुकडा, सोबत रंगवला होता का हे विचारण्यात काहीही गैर नाही, चांगली लॅब लगेच सांगते. एका लॅबचा २० टक्के आणि दुसरीचा २८ टक्के यांची तुलना करत बसू नका, मोजणीची पद्धत बदलली तरी एवढा फरक पडतो.

आणि हेही स्पष्ट सांगायला हवं: केआय-६७ वरून उपचार ठरत नाहीत. युरोपियन यूरोलॉजी संघटनेने २०२१ साली धोक्याचे गट ठरवले तेव्हा वय ७० च्या वर आहे का, गाठी एकापेक्षा जास्त आहेत का, आकार ३ सेंटीमीटर किंवा जास्त आहे का, टप्पा, ग्रेड आणि कार्सिनोमा इन सिटू हे घटक धरले. त्यात केआय-६७ नाही आणि कोणतंही एन्झाइम नाही. ग्रेडबद्दल पॅथॉलॉजिस्टला शंका असेल, सपाट अस्तरात कार्सिनोमा इन सिटू आहे की नुसती सूज हे ठरत नसेल, तेव्हा सीके-२० आणि पी-५३ या प्रथिनांच्या तपासण्यांसोबत केआय-६७ मदतीला येतं. रुग्णाने स्वतः होऊन मागायची ती तपासणी नव्हे. त्याने मागायचं ते साध्या रिपोर्टमध्येच: लो की हाय ग्रेड, टीए की टी१ की टी२ (गाठ अस्तरापुरती, अस्तराखाली की स्नायूत), स्नायू दिसला की नाही, रक्तवाहिनीत शिरकाव आहे का. या चार ओळी नसतील तर मार्करचे पैसे खर्च करण्याआधी त्या मागून घ्या.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या पॅथॉलॉजिस्टला आणखी एक जुनी गोष्ट ठाऊक असते, आणि बाहेरच्या लॅबला ती सांगावी लागते. गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात १९५२ साली मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसची, म्हणजे एका परजीवी कृमीच्या आजाराची, नोंद झाली होती. भारतात हा आजार सहसा नाहीच, म्हणून गिमवीचं नाव परजीवीशास्त्रात राहिलं. दीर्घकाळच्या अशा संसर्गातून मूत्राशयाचा स्क्वेमस (त्वचेसारख्या चपट्या) पेशींचा कर्करोग होऊ शकतो. आज आपल्याकडे मोठं कारण विडी-सिगारेट आहे, आणि रंग-रसायनांच्या कारखान्यांतले अरोमॅटिक अमाइन. मात्र रिपोर्टमध्ये ‘स्क्वेमस’ शब्द आला तर गावाचं नाव, परदेशात, विशेषतः आफ्रिकेत किंवा आखातात, केलेली नोकरी, आणि जुना खडा किंवा वर्षानुवर्षं घातलेली नळी हे सगळं फॉर्मवर लिहा. आखातात नोकरी करून आलेले लोक आपल्या किनाऱ्यावर थोडे नाहीत.

मग कुठे जावं? सेंटरला दोष देऊन भागत नाही, त्याच्या मर्यादा ओळखून ते वापरायचं. सिस्टोस्कोपी आणि गाठ काढणं जिथे एकाच छताखाली पॅथॉलॉजीसह होतं तिथे नमुन्याचा प्रवास एका जिन्याइतका उरतो. उत्तर रत्नागिरीत डेरवणचं वालावलकर रुग्णालय, सिंधुदुर्गातून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, आणि गुंतागुंतीच्या प्रकरणासाठी परळचं टाटा मेमोरियल, या वाटा लोकांना माहीत आहेत. जाण्याआधी यूरोलॉजीचा दिवस आणि सरकारी आरोग्य योजनेत ऑपरेशन बसतं का, हे फोनवर विचारून घ्यावं. गाठ काढल्यावर तीन महिन्यांनी पहिली सिस्टोस्कोपी असते, ती चुकवायची नाही. टी१ निघालं तर दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा खरवडण्याची वेळ येऊ शकते, त्यासाठी पावसाळी वेळापत्रकातल्या कोकण रेल्वेचं आरक्षण आधीच बघून ठेवा. मधल्या काळातल्या सायटोलॉजीसाठी गावचं सेंटर पुरेसं आहे, वरची काळजी घेतली तर.

सेंटरांची एक गोष्ट चांगली म्हणावी अशी. रिपोर्ट फोनवर येतो, आणि मोठ्या लॅबच्या पॅथॉलॉजिस्टशी बोलायचं म्हटलं तर बहुतेक ठिकाणी नंबर मिळवून देतात. हा फोन करा, शक्यतो तुमच्या डॉक्टरकडून करवा. ‘अटिपिकल’ आलेल्या रिपोर्टमागे मुतखडा होता हे त्या एका फोनमध्ये निकाली निघू शकतं. ज्या सेंटरवर हा नंबर द्यायला टाळाटाळ होते तिथे साखर तपासा, बायोप्सी देऊ नका.

शेवटी ब्लॉक. अंतिम रिपोर्ट आल्यावर ब्लॉक आणि स्लाइड लेखी अर्ज करून मागून घ्या, दुसऱ्या मतासाठी त्याच लागतात. न रंगवलेले काप घरी साठवू नका. आपल्या दमट हवेत महिन्यांत त्यांचा केआय-६७ चा रंग फिका पडतो, म्हणून काप हवे तेव्हा ब्लॉकवरून नवे काढायचे. ब्लॉक प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत, कोरड्या डब्यात, सावलीत ठेवा. पॅराफिन ५६ ते ६० अंशांना वितळतं. मे महिन्यात काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो मऊ पडू शकतो, तेव्हा मुंबईला नेताना डॅशबोर्डवर ठेवू नका, आतल्या बॅगेत ठेवा.